तळाशी माझे नाव

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

नव्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी, म्हणून ही वही घेतली. वैयक्तिक गोष्टी शक्यतो लिहिणार नाही.

आमची संस्था दूध संकलन केंद्रांतील शीतयंत्रे दुरुस्त करते. जिल्ह्यात अशी एकशे त्रेसष्ट यंत्रे आहेत. संस्था बब्रुवानची, तो माझा बी.कॉम.चा वर्गमित्र. तक्रार विभाग अकरा वर्षे माझ्याकडे आहे. आजवर तक्रारी नोंदवहीत लिहीत होतो. आजपासून त्या सॉफ्टवेअरमध्ये जातील, कारण यंत्रे बनविणाऱ्या पुण्याच्या कंपनीची तशी अट आहे.

या सॉफ्टवेअरमध्ये तक्रारीस तिकीट म्हणतात. तिकीट उघडताच ग्राहकाच्या मोबाईलवर संदेश जातो. बहात्तर तासांत ग्राहकाने उत्तर दिले नाही, तर तक्रार मिटली असे गृहीत धरून सॉफ्टवेअर ती आपोआप बंद करते. हा नियम सॉफ्टवेअरसोबतच आला आहे. यंत्र बंद पडलेली बाई दूध वाचवील की संदेशांना उत्तरे देत बसेल? तिचे गप्प राहणे म्हणजे समाधान, हे कोणी ठरविले?

संगणकाचे काम पाहण्यासाठी आरोही नावाची मुलगी जानेवारीत रुजू झाली आहे. मूळची कळंबची, पुण्यात चार वर्षे नोकरी करून परतलेली. ती म्हणाली, "सर, मूळ सॉफ्टवेअरला आपल्याला हात लावता येत नाही. पण वरून एक्स्टेन्शन बसवता येतं. त्यात आपले नियम लिहायचे. मूळ नियमापेक्षा मग ते वरचढ ठरतात."

"म्हणजे उत्तरपत्रिकेला जोडतात तशी पुरवणी."

"तसंच समजा सर," ती हसून म्हणाली.

मी पुरवणी हाच शब्द वापरणार आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तीन दिवस खपून पुरवणीचे नियम फुलस्केपवर लिहिले. एक : मेकॅनिकच्या भेटीची नोंद असल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही. दोन : बंद करण्यापूर्वी ग्राहकास फोन करून त्याचा तोंडी होकार घ्यावा. तीन : ग्राहकाने 'नाही' असे उत्तर पाठविल्यास तक्रार पुन्हा उघडावी. चार : ग्राहकास जाणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या तळाशी जबाबदार माणसाचे नाव असावे.

चौथ्या नियमावर आरोही अडली. "सर, संदेश आपोआप जातात. तिथं 'सिस्टीम' असंच येतं."

"सिस्टीमला जाब विचारता येतो का?"

"नाही."

"मग माझे नाव घाला."

तिने माझे खाते पुरवणीस जोडून घेतले. त्यासाठी माझा पासवर्ड लागला, तो दिला. बब्रुवान दारात उभा राहून ऐकत होता.

"आरोही, या माणसानं कॉलेजात माझी खोटी हजेरी लावली नव्हती बरं का," तो म्हणाला. "सगळा वर्ग एकमेकांची लावायचा. ह्यो एकटाच न्हाय म्हणायचा. त्या वर्षी मला परीक्षेला बसू देत नव्हते."

"तू वर्गात नव्हतास," मी म्हणालो.

"बघ! पस्तीस वर्षं झाली तरी उत्तर तेच हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुरवणी बसविली. नियमांप्रमाणे बंद झालेली पहिली तक्रार नळदुर्गजवळच्या शांताक्कांची. या बाई दहा वर्षांपासून अडतीस घरांचे दूध गोळा करतात. यंत्राचा पंखा आवाज करीत होता. आमचा मेकॅनिक बलभीम जाऊन आला. त्यानंतर मी स्वतः फोन केला.

"अक्का, तक्रार मिटली का?"

"मिटली की. बलभीमानं पंखा बदलला. च्या बी पिला न्हाय, पळालाच."

"म्हणजे बंद करू?"

"करा करा. इतकं काय इचारताव?"

संदेश गेला : 'आपली तक्रार आपल्या होकारानंतर बंद करण्यात आली आहे. — विरुपाक्ष शेटे.' दोन मिनिटांत बाईंचा उलट फोन. "शेटेसायब, तुमचं नाव आलंय मोबाईलवर! सुनंला वाचाया लावलं. आता कळलं कुणाला धरायचं ते."

हे वाक्य मी आरोहीस मुद्दाम ऐकविले.

सोमवार, ३ मार्च

बब्रुवानने केबिनमध्ये बोलावले. पुण्याच्या कंपनीशी असलेला करार एप्रिलमध्ये संपतो. नूतनीकरणाची अट अशी की, शंभरपैकी पंच्याण्णव तक्रारी सहा दिवसांच्या आत बंद झालेल्या असाव्यात. आमचे प्रमाण एक्काहत्तर आहे.

"विरू, तुझ्या नियमानं तक्रारी लटकून राहतात."

"यंत्रे लटकून राहतात. तक्रार फक्त तेवढे दाखवते. मेकॅनिक दोनच आहेत. आणखी दोघे घे."

"आणि ते मिळेपर्यंत? नियम थोडा ढिला कर."

"नाही."

तो "बघतो काय करायचं ते," म्हणाला आणि चहा मागविला. माझे म्हणणे त्याला पटले. ही त्याची जुनी पद्धत आहे. पटले तरी तोंडाने कबूल करीत नाही.

बुधवार, १२ मार्च

आरोहीने आज एक विचित्र प्रश्न विचारला. "सर, चौथा नियम काढायचा का? तुमच्या नावाऐवजी 'सिस्टीम' ठेवू. सगळीकडं तसंच असतं."

मी तिला सही आणि जबाबदारी या विषयावर सुमारे वीस मिनिटे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. जाताना म्हणाली, "एकदा विचार करा सर. नाव परत घ्यायचं असेल तर आजच सांगा."

तिला माझ्यावरचा भार कमी करावयाचा असावा. मुलगी भली आहे, परंतु तत्त्वाचा मुद्दा तिला अजून उमगलेला नाही.

सोमवार, १७ मार्च

प्रमाण अठ्ठ्याऐंशीवर आले आहे. मेकॅनिक वाढले नसताना हे कसे, असे मी बलभीमला विचारले. तो मान खाली घालून स्क्रू ओतलेल्या डब्यात बोट फिरवीत होता. "तुमच्या नियमाची कमाल आसंल, सायब."

सॉफ्टवेअरमध्ये आता दोन पुरवण्या दिसतात. दुसरीचे नाव 'शेटे नियम – २'. आरोही म्हणाली, "सुधारित आवृत्ती आहे." तिला माझे नाव देण्याची गरज नव्हती, तरीही मनास बरे वाटले हे लपवीत नाही. पूर्वी ती दुपारचा चहा माझ्या टेबलाशी घेत असे. हल्ली कामाचा ताण असल्यामुळे तिच्या जागेवरच घेते.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

सत्त्याण्णव! बब्रुवानने कार्यालयात गुढी उभारली आणि सर्वांसमक्ष मला शाल दिली. पुण्याहून अभिनंदनाचे पत्र आले आहे, त्यात 'श्री. शेटे यांची शिस्त' असा उल्लेख आहे. बब्रुवान म्हणाला, "ह्या जिल्ह्यात लोक कंपनीवर न्हाय, विरूच्या नावावर विश्वास ठेवतात."

आरोही आली नव्हती. तिने रजा टाकली होती.

शाल सौभाग्यवतीस दाखविली. चन्नम्माने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारले, "मेकॅनिक किती झाले आता?"

"दोनच."

"अन् तक्रारी एवढ्या मिटतात?"

"व्यवस्था नीट असेल तर मिटतात."

तिने शाल घडी करून कपाटात ठेवली.

शुक्रवार, ४ एप्रिल

आजचा दिवस चांगला गेला नाही. सकाळी शांताक्कांचा फोन आला.

"शेटेसायब, आज दुसऱ्यांदा दूध फाटलं. मशीन थंडच करंना. तुमी येता का न्हाय?"

मी नोंद उघडली. बाईंच्या मार्चपासून तीन तक्रारी आहेत. तिन्ही बंद. तिन्हींत 'ग्राहकाचा होकार मिळाला' अशी नोंद, तळाशी माझे नाव.

"अक्का, नोंदीत तुमचा होकार आहे."

"म्या कधी व्हय म्हणले?"

"तीन वेळा."

"शेटेसायब," त्या हळूच म्हणाल्या, "म्या खोटं बोलते व्हय?"

मी म्हणालो की खोटे नव्हे, विस्मरण असू शकते. अथवा घरातील कोणी उत्तर दिले असेल. त्यांनी फोन ठेवला. चौथी तक्रार मी स्वतः नोंदविली आणि बलभीमला सांगितले. त्याच्याकडे भूम आणि परंड्याची कामे आहेत. सोमवारनंतर जातो म्हणाला.

दिवसभर एक गोष्ट मनातून जात नाही. नाव माझे आहे, परंतु त्या तीन फोनांपैकी एकही मला आठवत नाही. मी रोज वीसेक फोन करतो. विसरणे शक्य आहे. वय छप्पन.

रविवार, ६ एप्रिल

मेहुण्याच्या मुलीच्या लग्नासाठी अक्कलकोटला गेलो होतो. परतताना गाडीत कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने बी.कॉम.च्या वर्गातील मुलांची नावे हजेरी क्रमांकानुसार आठवून पाहिली. त्रेचाळीसपर्यंत बिनचूक आठवली. त्रेचाळिसावा बब्रुवान. पुढची दोन सुटली.

चन्नम्माने विचारले, "ओठ का हलतायत तुमचे?"

"काही नाही." मग राहवले नाही. "मी हल्ली विसरतो का ग?"

"तुम्ही? लग्नातल्या आहेराच्या साड्यांचे रंग आत्ता माझ्या आईला सांगितलेत तुम्ही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "विसरत नाही तुम्ही. विश्वास ठेवता."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मी विचारले नाही.

सोमवार, ७ एप्रिल

आजपासून केलेला प्रत्येक फोन या वहीच्या मागील पानांवर वेळेसह लिहीत आहे. माझ्या मेंदूची ही तपासणी आहे. कार्यालयात कोणास सांगितलेले नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

पाच दिवसांत माझ्या वहीप्रमाणे मी एकोणीस तक्रारी बंद केल्या. सॉफ्टवेअरप्रमाणे मी एक्केचाळीस बंद केल्या.

मी दोनदा मोजले. नंतर नोंदींत मागे गेलो. रविवारी, मी अक्कलकोटच्या मांडवात अक्षता टाकीत होतो त्या वेळी, मी सहा तक्रारी बंद केल्या आहेत.

मेंदू ठीक आहे. हे समजल्यावर आनंद व्हावयास हवा होता.

जास्तीच्या प्रत्येक तक्रारीत उघडण्याची व बंद होण्याची वेळ लावून पाहिली. अंतर सर्वत्र सारखे : पाच दिवस तेवीस तास. 'शेटे नियम – २' उघडली. आरोहीनेच मला नियमांचे पान वाचावयास शिकविले होते. तेथे चारच ओळी होत्या :

पाच दिवस तेवीस तास पूर्ण झाल्यास तक्रार बंद करा.
मेकॅनिकची भेट : तपासू नका.
नोंद : ग्राहकाचा होकार मिळाला.
नाव : विरुपाक्ष शेटे.

बसविली : १३ मार्च, आरोही. मंजुरी : बब्रुवान. शेवटी बसविलेल्या पुरवणीचा शब्द अंतिम असतो, असे तिने मला फेब्रुवारीत सांगितले होते. माझी पुरवणी जागेवरच आहे. तिला कोणी हात लावलेला नाही.

१३ मार्चपासून आजपर्यंत एकशे अठरा तक्रारी.

शनिवार, १२ एप्रिल

प्रथम आरोहीकडे गेलो. कागद तिच्यासमोर ठेवला. तिने वाचलाही नाही.

"म्हणून विचारलं होतं सर. आदल्या दिवशी."

"तू विचारले नव्हतेस. सुचविले होतेस."

"उघड सांगितलं असतं तर नोकरी गेली असती." तिचे डोळे भरले. "मी साहेबांना म्हटलं होतं, सरांचं नाव नको, सिस्टीम ठेवू. ते म्हणाले, नावच पाहिजे. सिस्टीमचा मेसेज आला की लोक भांडतात. शेटेसरांचा आला की थांबतात."

एवढे ऐकल्यावर बब्रुवानच्या केबिनमध्ये जाण्याची आवश्यकता उरली नव्हती. तरीही गेलो.

तो नाकबूल झाला नाही. खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"एकवीस तारखेला सह्या हायत, विरू. तेवढं होऊ दे, मग काढून टाकू. करार गेला तर बावीस माणसं घरी बसतील. त्यात तूही."

"नियम बदलायचा होता तर स्वतःच्या नावाने बदलायचा."

"माझ्या नावाला कोण विचारतंय?"

"म्हणून माझे चोरलेस?"

"चोरलं काय? तूच दिलंस, पासवर्डासकट." तो हसला. ते हसू मला ओळखीचे वाटले. वर्गाच्या दारात उशिरा येऊन उभा राहिला की असेच हसत असे. "कॉलेजात हजेरी लावली न्हाईस माझी. आता लागली, असं समज."

पस्तीस वर्षे तो हा विनोद सांगत आला आणि मी हसत आलो. तो विनोद नव्हता, हे मला आज कळले.

रविवार, १३ एप्रिल

बलभीमला सुट्टी असूनही तो आला. त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही नळदुर्गला गेलो. वाटेत तुळजापूरच्या पुढे तो म्हणाला, "सायब, मला ठाव होतं. भेट न देताच तक्रारी बंद व्हायला लागल्या तवाच कळलं. पर वाटलं, तुमालाबी ठाव आसंल."

"मला माहीत असेल असे तुला वाटले?"

"नाव तुमचंच व्हतं की."

शांताक्का ओट्यावर बसल्या होत्या. कॅन उपडे करून ठेवलेले. त्यांनी "या" म्हटले, परंतु उठल्या नाहीत. बलभीमने यंत्र उघडले. कॉम्प्रेसरला जोडलेला एक कपॅसिटर उडाला होता. वीस मिनिटांत यंत्र सुरू झाले. वीस मिनिटांचे काम महिनाभर पडून होते.

"सुरू झालं अक्का," बलभीम म्हणाला.

"काय टाकू त्यात?" त्या म्हणाल्या. "अडतीस घरं व्हती. दोनदा दूध फाटल्यावर सत्तावीस दुसऱ्या केंद्राला गेली. कशी येतील माघारी? बाया म्हणत्यात, अक्का, तू तर म्हणलीस मशीन दुरुस्त व्हनार."

मी सांगितले, ते संदेश मी पाठविलेले नव्हते. दुसऱ्या पुरवणीचे समजावून सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबविले आणि मोबाईल पुढे केला. चार संदेश त्यांनी जपून ठेवले होते; शेवटचा गुरुवारचा, मीच नोंदविलेल्या तक्रारीचा.

"मला ते कळत न्हाय. सुनंनं सांगितलं व्हतं, दुसरा मेकॅनिक बोलावू. सोलापूरचा येतो म्हणत व्हता. म्या म्हणले, थांब. शेटेसायबाचं नाव आलंय, म्हंजी मानूस निघालाच आसंल." त्या मोबाईल पदराने पुसू लागल्या. "कंपनीचा मेसेज आसता तर म्या थांबले नसते."

येताना त्यांनी चहा दिला नाही. ते योग्यच होते.

मंगळवार, १५ एप्रिल

माझे नाव काढावे, अशी लेखी मागणी केली. नाव काढण्याचा अधिकार मालकाकडे आहे. चौथ्या नियमाखाली ते मीच लिहून ठेवले होते, जेणेकरून कोणी ऐनवेळी जबाबदारी झटकू नये. बब्रुवान म्हणाला, "एकवीसनंतर."

पुण्याच्या कंपनीस एकशे अठरा तक्रारींची यादी टपालाने व ईमेलने पाठविली. ईमेलला उत्तर आले : 'आपले म्हणणे नोंदविले आहे. संबंधित अधिकारी : श्री. विरुपाक्ष शेटे यांच्याशी संपर्क साधावा.'

राजीनामा दिला. आवरण्यापूर्वी शेवटचे काम म्हणून सकाळी ठीक अकरा वाजता, माझ्या स्वतःच्या मोबाईल क्रमांकावरून, सॉफ्टवेअरमध्ये रीतसर तक्रार नोंदविली. विषय : माझे नाव माझ्या संमतीविना वापरले जात आहे.

आरोही खालपर्यंत आली. पायांना हात लावू लागली. मी मागे सरलो. तिने मला सावध करण्याचा प्रयत्न केला होता हे खरे. दुसऱ्याच दिवशी ती पुरवणी बसविली हेही खरे. दोन्ही एकाच ओळीत कसे लिहावे ते मला येत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

एकशे अठरा तक्रारींची यादी घरी आणली आहे. एकेकास स्वतःच्या फोनवरून सांगत आहे की तुमची तक्रार मी बंद केलेली नाही, यंत्र बंद असेल तर वाट पाहू नका, दुसरा मेकॅनिक बोलवा. बलभीमने ओळखीच्या चार मेकॅनिकांचे क्रमांक दिले आहेत. तो अजून नोकरीत आहे. हे त्याच्या नावाने कोठेही लिहू नये असे म्हणाला. त्यामुळे ही ओळही लिहावयास नको होती.

काही जण शिव्या देतात. वाशीचे एक गृहस्थ सर्व ऐकून म्हणाले, "मग आता कुणाच्या नावावर भरोसा ठेवायचा, तेवढं सांगा."

शनिवार, १९ एप्रिल

सत्तर झाले. घसा बसला आहे. चन्नम्मा काही न विचारता गरम पाणी आणून ठेवते.

सोमवार, २१ एप्रिल

आज तिकडे सह्या झाल्या असतील.

बरोबर दहा वाजता मोबाईल वाजला. पाच दिवस तेवीस तास. संदेश जसाच्या तसा उतरवून घेतो :

'आपली तक्रार आपल्या होकारानंतर बंद करण्यात आली आहे. — विरुपाक्ष शेटे.'

तिसऱ्या नियमाप्रमाणे मी 'नाही' असे उत्तर पाठविले. लगेच दुसरा संदेश आला : 'आपली तक्रार पुन्हा उघडली आहे. काळजी नसावी. — विरुपाक्ष शेटे.' शब्द माझेच आहेत. 'काळजी नसावी' हे मीच सुचविले होते. आरोहीस ते जुने वाटले होते.

मोबाईल उपडा ठेवला. चन्नम्माने तिच्या फोनवरून बोलण्यास सांगितले. यादीतला एक्क्याण्णवावा क्रमांक लावला. येरमाळ्याकडच्या एक बाई होत्या.

"कोण बोलतंय?"

"विरुपाक्ष शेटे बोलतो."

"कंचे शेटे?" त्यांचा आवाज चढला. "ते मेसेजवाले का?"

चन्नम्मा दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"नाही बाई," मी म्हणालो. "मी दुसरा."